उथळ तलावाचं शैवाल-फॉस्फरस मॉडेल: पॅरामीटर मर्यादेला टेकतात, ऑप्टिमायझर ‘काहीच करू नका’ म्हणतो

गाळमापक (प्रश्न)

मंडळी, एका उथळ जलाशयाचं मॉडेल बसवतोय आणि तीन ठिकाणी अडलंय.

सरासरी खोली ४ मीटर, पाणी साधारण सहा महिन्यांत बदलतं. वरचा आणि खालचा असे दोन थर. प्रत्येक थरात १२ चलं: डायाटम, हिरवं शैवाल, नीलहरित शैवाल, प्राणिप्लवक, फॉस्फेट, सेंद्रिय फॉस्फरस, नायट्रेट, अमोनियम, सेंद्रिय नायट्रोजन, विरघळलेला ऑक्सिजन, बीओडी (सेंद्रिय पदार्थ कुजायला लागणारा ऑक्सिजन) आणि मृत सेंद्रिय कण. वाढीला मोनोचं सूत्र (पोषकद्रव्य वाढलं की वाढदर वाढतो, पण कमाल दरापाशी थांबतो), पोषकद्रव्यांपैकी ज्याची सगळ्यात जास्त टंचाई त्याचाच गुणक (लीबिगचा किमान नियम), प्रकाशाला स्टील यांचं सूत्र (ठरावीक प्रकाशापलीकडे वाढ पुन्हा घटते). शैवालातलं कार्बन-नायट्रोजन-फॉस्फरस प्रमाण रेडफिल्डचं, स्थिर. कार्बन-क्लोरोफिल गुणोत्तर ५०. गाळातून फॉस्फरस परत येतो हे अजून धरलेलं नाही.

मोजमापं दोन वर्षांची, दर पंधरवड्याला: क्लोरोफिल, तिन्ही गटांची मोजणी, फॉस्फेट, एकूण फॉस्फरस, नायट्रेट, दोन्ही थरांतला ऑक्सिजन, सेक्की चकती दिसेनाशी होते ती खोली. पायथन, कॅसाडी (ऑप्टिमायझेशनची लायब्ररी), रडाऊ कोलोकेशन (काळाचे तुकडे पाडून प्रत्येकात बहुपदी बसवणं) आणि आयपीऑप्ट (सॉल्व्हर) वापरतोय. ३४ पॅरामीटर एकदम शोधायला दिलेत.

१. नीलहरित शैवालाचा कमाल वाढदर (२० अंश सेल्सिअसला) वरच्या मर्यादेला, दिवसाला ३.० वर, जाऊन बसतो. फॉस्फेटचा अर्धसंपृक्तता स्थिरांक (ज्या सांद्रतेला वाढदर कमालच्या निम्मा होतो) खालच्या मर्यादेला, १ मायक्रोग्रॅम/लिटरवर. मर्यादा सैल केल्या की तिथंही जाऊन टेकतात. उन्हाळ्याच्या अखेरीस क्लोरोफिल ४० मायक्रोग्रॅम/लिटरपर्यंत जातं. त्याच नमुन्यात एकूण फॉस्फरस ४५ आणि फॉस्फेट ‘५ पेक्षा कमी’.

२. मधेच फॉस्फेट शून्याच्या किंचित खाली जातं आणि आयपीऑप्ट ‘रिस्टोरेशन फेल्ड’ म्हणून थांबतो.

३. नियंत्रणं दोन आहेत. येणाऱ्या पाण्याचा किती भाग पाणवनस्पतींच्या कृत्रिम पाणथळीतून वळवायचा (० ते ०.७), आणि प्लवकभक्षी लहान मासे किती काढायचे. क्षितिज (ज्या काळाचा हिशेब धरतो तो) एक वर्षाचं, उद्दिष्टात वर्षभराचं क्लोरोफिल अधिक खर्च. उत्तर येतं: मासे शून्य, आणि शेवटचे दोन-अडीच महिने पाणथळही बंद. हे पटत नाही.

जाता जाता: आमच्याच गटात एक जण जीवाणूंकडून पीएचबी (पेशीत साठणारं जैविक प्लास्टिक) बनवण्याचं फेड-बॅच (टाकीत अन्न हळूहळू घालत राहायचं) किण्वन ऑप्टिमाइझ करतोय. त्याला हाच कोड दिला तर चालेल का?

---

अर्धसंपृक्त

पहिल्या प्रश्नापुरता सॉल्व्हर बाजूला ठेवा आणि एक साधा हिशेब करा.

शिखराच्या दिवशी क्लोरोफिल ४०, गुणोत्तर ५०, म्हणजे शैवालातला कार्बन २००० मायक्रोग्रॅम/लिटर. रेडफिल्ड प्रमाण रेणूंच्या हिशेबात १०६:१६:१ आहे. वजनात मांडलं तर ४१:७.२:१. तेवढ्या शैवालाला फॉस्फरस हवा २००० ÷ ४१, म्हणजे जवळपास ४९. आणि तुम्ही त्या दिवशी एकूण फॉस्फरस मोजलाय ४५! ‘एकूण’मध्ये शैवालातला, मृत कणांतला, विरघळलेला, सगळा आला. तुमच्या समीकरणांत ही दोन मोजमापं एकाच दिवशी जुळणं शक्यच नाही, पॅरामीटर कुठलेही द्या.

मग ऑप्टिमायझर त्याच्या हातात आहे तेवढं करतो. कमाल दर वर ढकलतो, अर्धसंपृक्तता खाली. दोन्हींचा अर्थ एकच: ‘पाण्यात फॉस्फेट नसतानाही वाढ व्हायला हवी’. मर्यादेला टेकलेला पॅरामीटर हा बहुतेक वेळा गैरहजर प्रक्रियेचा निरोप असतो. मर्यादा सैल करून तो मिटत नाही.

तसाही ३.० हा आकडा बसत नाही. एप्लीच्या १९७२ च्या वरच्या सीमारेषेनुसार दिवसाला दुपटी = ०.८५१ × १.०६६ चा तापमानाइतका घात. २० अंशांना साधारण ३.०५ दुपटी, त्याला ०.६९३ ने गुणलं की दिवसाला २.१. ही सीमारेषा झपाट्यानं वाढणाऱ्यांसाठी आहे, आणि नीलहरित शैवाल त्या शर्यतीत मागच्या रांगेतलं. त्याची वरची मर्यादा १.५ ठेवा आणि मग काय बिनसतं ते बघा. ते बिनसणंच कामाचं आहे.

गैरहजर प्रक्रिया दोन दिसतात.

पहिली, पेशीतला साठा. नीलहरित शैवाल फॉस्फेट मिळेल तेव्हा गरजेपेक्षा जास्त उचलून ठेवतं आणि बाहेरचं संपल्यावरही वाढत राहतं. त्यासाठी ड्रूपचं (१९६८) सूत्र: वाढदर = सैद्धांतिक दर × (१ − किमान साठा ÷ आत्ताचा साठा). फॉस्फेट उचलण्याचा दर वेगळा लिहायचा, आणि त्याला (कमाल साठा − आत्ताचा साठा) ÷ (कमाल साठा − किमान साठा) हा गुणक लावायचा, म्हणजे पेशी भरली की उचल थांबते. रेडफिल्डनुसार १ मिलिग्रॅम कार्बनमागे २४ मायक्रोग्रॅम फॉस्फरस; उपाशी पेशी त्याच्या तिसऱ्या हिश्शावरही तगतात. तसं धरलं तर तुमच्या शिखराला ४९ ऐवजी १६ पुरतात आणि ४५ च्या हिशेबात मृत कणांनाही जागा उरते. सुरुवातीला फक्त नीलहरित गटाला हे करा, दोन थरांत मिळून दोनच चलं वाढतील.

इथं एक खड्डा आहे. ड्रूपमधला ‘सैद्धांतिक दर’ म्हणजे मोनोचा कमाल दर नव्हे. तो साठा अनंत असतानाचा दर आहे. कमाल साठा किमान साठ्याच्या चौपट असेल तर प्रत्यक्षातला कमाल दर त्याच्या पाऊणपटच येतो. पुस्तकातला कमाल दर तसाच उचलून टाकला की शैवाल कायम मंद वाढतं आणि पुन्हा दुसराच कुठला तरी पॅरामीटर मर्यादेला जातो.

दुसरी, गाळ. तळाशी ऑक्सिजन संपला की लोहाला बांधलेला फॉस्फरस सुटतो. सुपोषित (पोषकद्रव्यं फार झालेल्या) तलावात दिवसाला चौरस मीटरमागे १० मिलिग्रॅम सुटणं अजिबात नवलाचं नाही. ४ मीटर खोलीत ते पसरलं तर दिवसाला २.५ मायक्रोग्रॅम/लिटर, वीस दिवसांत ५०. तुमच्या अख्ख्या शिखराएवढा फॉस्फरस तळातून येऊ शकतो आणि मॉडेलला त्याचा पत्ता नाही! उथळ पाण्यात आणखी एक वाट असते: भर उन्हात प्रकाशसंश्लेषणानं सामू (पीएच) ९ च्या वर गेला की ऑक्सिजन असतानाही फॉस्फेट लोहापासून सुटतं. तुमच्याकडे सामू मोजलेला नाही, म्हणून आधी ऑक्सिजनवर चालणारी वाट घाला.

आता ३४ पॅरामीटरांबद्दल. ५२ तारखांच्या मोजमापांतून ३४ वेगळे करता येत नाहीत. फॉस्फेट जेव्हा अर्धसंपृक्ततेपेक्षा बरंच कमी असतं तेव्हा वाढदर ≈ (कमाल दर ÷ अर्धसंपृक्तता) × फॉस्फेट. मोजमापांना फक्त तो भागाकार दिसतो, वरचा आणि खालचा आकडा सुटा दिसत नाही. वाढ, मृत्यू आणि तळाशी बसणं यांचंही तसंच: दिसते ती निव्वळ वाढ.

असं करा. सगळे पॅरामीटर पुस्तकी मूल्यांवर ठेवून प्रत्येकाला १ टक्का हलवा आणि प्रत्येक मोजमापाच्या जागी उत्तर किती हलतं ते लिहा. प्रत्येक स्तंभाला ०.०१ नं भागा, प्रत्येक ओळीला मोजमापाच्या त्रुटीनं भागा. आलेल्या सारणीचं सिंग्युलर व्हॅल्यू विघटन करा (पॅरामीटरांच्या कोणत्या दिशेत मोजमापांना किती दिसतं ते त्यातून कळतं). सगळ्यात मोठ्या मूल्याच्या हजाराव्या हिश्शाखाली जी मूल्यं पडतात तेवढ्या दिशा तुमच्या मोजमापांना दिसतच नाहीत. अशा मॉडेलांत ८ ते १० पॅरामीटर उरतात, फार तर १२. बाकीचे पुस्तकी मूल्यावर ठोकून टाका. उरलेल्यांची प्रोफाइल काढा: एक पॅरामीटर पाच-सहा मूल्यांवर अडकवायचा, बाकीचे दर वेळी नव्यानं शोधायचे, आणि त्रुटीचा आलेख बघायचा. आलेख सपाट आला तर तो पॅरामीटरही ठोका.

‘५ पेक्षा कमी’च्या जागी ०, २.५ किंवा ५ भरू नका. मॉडेलचं उत्तर ५ च्या वर गेलं तरच दंड, खाली असेल तर शून्य दंड. क्लोरोफिलची त्रुटी लॉगमध्ये मोजा, नाहीतर शिखराचे दोन नमुने वर्षभराच्या बाकी सगळ्यांना दाबून टाकतात.

---

स्टिफ_सॉल्व्हर

दुसऱ्या प्रश्नाचं.

आयपीऑप्ट तुम्ही दिलेली खालची मर्यादा जशीच्या तशी पाळत नाही. ‘बाउंड रिलॅक्स फॅक्टर’ नावाचा पर्याय आधीच १० चा उणे आठवा घात एवढा असतो, म्हणजे शून्याची मर्यादा तो स्वतःच किंचित खाली सरकवतो. फॉस्फेट तुम्ही मिलिग्रॅम/लिटरमध्ये ठेवलं असेल तर उन्हाळ्यात ते ०.००३ च्या घरात, आणि शेजारी ऑक्सिजन ८. टॉलरन्स (सॉल्व्हरला चालणारी चूक) दोघांना सारखाच लागतो. त्यातून कुठं वर्गमूळ, लॉग किंवा अपूर्णांक घात असेल तर उणे संख्येला उत्तरच नाही, आणि ‘रिस्टोरेशन’ (अटी पुन्हा पाळल्या जातील असा बिंदू शोधणं) सुरू होतं.

हा पर्याय शून्य करा. प्रत्येक चलाला त्याच्या नेहमीच्या आकारानं भागून १ च्या आसपास आणा (फॉस्फेट ÷ १० मायक्रोग्रॅम, ऑक्सिजन ÷ ८ मिलिग्रॅम, असं) आणि खालची मर्यादा शून्याऐवजी ०.०००१ ठेवा. शैवालाच्या गटांचा लॉग घेतला तर आणखी बरं, कारण हिवाळ्यात नीलहरित शैवाल उन्हाळ्याच्या हजाराव्या हिश्शावर येतं आणि वसंतात कुठून उगवायचं ते त्या शेपटावरच ठरतं. एका लिटरमागे नेमक्या शून्य पेशी उरल्या तर तो गट पुन्हा कधीच येत नाही, म्हणून बाहेरून येणाऱ्या पाण्यात बीज म्हणून थोडं शैवाल ठेवा.

लीबिगचा किमान नियम तर काढाच. फॉस्फरस आणि नायट्रोजन यांच्यात टंचाईची अदलाबदल होते तिथं सूत्राला कोपरा येतो, ग्रेडियंट एकदम उडी मारतो आणि सॉल्व्हर त्याच दोन बिंदूंत मागेपुढे करत राहतो. गुळगुळीत किमान वापरा: (अ + ब − वर्गमूळ((अ − ब)² + ०.०००१)) ÷ २. दोन गुणकांचा सरळ गुणाकारही चालतो; मात्र तो वाढ कमी दाखवतो, म्हणून कमाल दर त्यानुसार पुन्हा बसवावा लागेल.

कोलोकेशनची पहिली अटकळ काय देताय? सपाट रेषा देत असाल तर त्रास होणारच. आधी साधं सिम्युलेशन बीडीएफसारख्या स्टिफ (वेगवान आणि संथ प्रक्रिया एकत्र सांभाळणाऱ्या) इंटिग्रेटरनं चालवा आणि तोच मार्ग अटकळ म्हणून द्या. ५ दिवसांचा एक घटक, त्यात तीन रडाऊ बिंदू, म्हणजे वर्षाला ७३ घटक आणि २४ चलांसाठी ५२५६ अज्ञातं. आयपीऑप्टसाठी हे किरकोळ आहे. घटकांच्या सीमा मात्र हवामान आणि आवक यांच्या आकड्यांच्या तारखांवर पाडा. रेषा घटकाच्या मधोमध मोडली की बहुपदी तिथं डुगडुगते आणि फॉस्फेट उणे जायला तेवढंही पुरतं.

उत्तर आल्यावर तेच नियंत्रण स्वतंत्र इंटिग्रेटरला देऊन पुन्हा चालवा. शिखर २ टक्क्यांहून जास्त हललं तर घटक दुप्पट करा. आणि फॉस्फरसचा जमाखर्च: आलेला − गेलेला − गाळात बसलेला + गाळातून सुटलेला, हा साठ्यातल्या बदलाशी ०.१ टक्क्यात जुळला पाहिजे. नाही जुळला तर चिन्ह चुकलंय किंवा एका थरातून निघालेलं दुसऱ्यात पोचलेलं नाही. दोन थरांची आकारमानं वेगळी असताना खालच्या थराच्या समीकरणात वरच्याच आकारमानानं भागलेलं असणं, हे मी अशा कोडात सगळ्यात आधी शोधतो.

---

काठावरून

तिसऱ्या प्रश्नात ऑप्टिमायझर बरोबर आहे, प्रश्नच तसा विचारलाय. शेवटच्या दोन महिन्यांत वळवलेल्या पाण्याचा फायदा पुढच्या उन्हाळ्यात दिसणार, आणि पुढचा उन्हाळा तुमच्या क्षितिजात नाही. खर्च मात्र आज. मग तो पाणथळ बंद करणारच. गाळातला फॉस्फरस धरल्यावर हे अधिकच होईल, कारण गाळाची स्मृती वर्षानुवर्षांची असते.

क्षितिज किमान तीन वर्षांचं करा आणि त्यातलं पहिलंच वर्ष वापरा. किंवा ‘३६५ व्या दिवसाची अवस्था = पहिल्या दिवसाची अवस्था’ अशी आवर्ती अट घाला; म्हणजे तलाव उधारीवर ठेवून वर्ष संपवता येत नाही. या अटीत हवामान सरासरी वर्षाचं घ्या, एखाद्या कोरड्या वर्षाचं घेतलंत तर अट पाळण्यासाठी तो भलत्याच करामती करेल. तिसरा मार्ग, शेवटच्या दिवशी गाळात उरलेल्या फॉस्फरसला किंमत लावणं. तो मला कमी आवडतो, कारण ती किंमत कुठून आणायची यावर वाद होतात.

ऑप्टिमाइझ करण्याआधी पाणथळीची कमाल ताकद कागदावर काढा. फोलेनवायडरचं सूत्र: तलावातला फॉस्फरस = वार्षिक भार ÷ (जलभार × (१ + वर्गमूळ(निवासकाल))). तुमचा जलभार (खोली ÷ पाणी बदलायला लागणारा काळ, म्हणजे निवासकाल) ४ ÷ ०.५ = ८ मीटर/वर्ष, आणि कंसातली बेरीज १.७१. सुपोषित पातळीची खालची सीमा ओईसीडीच्या १९८२ च्या वर्गीकरणात ३५ मायक्रोग्रॅम/लिटर. त्यासाठी परवडणारा भार ३५ × ८ × १.७१, म्हणजे चौरस मीटरमागे वर्षाला साधारण ४८० मिलिग्रॅम. समजा आज वार्षिक सरासरी ६० आहे, तर भार ८२० च्या आसपास. पाणथळीत ७० टक्के पाणी वळवलं आणि तिथं निम्मा फॉस्फरस अडला तरी भार ३५ टक्क्यांनीच घटतो, तलाव ३९ वर येतो. सगळं पूर्ण उघडूनही ३५ गाठत नाही! अशा वेळी ‘कधी किती वळवायचं’ यावर ऑप्टिमायझर घासण्यापेक्षा दुसरं नियंत्रण शोधणं बरं. तुमचा खरा सरासरी आकडा घालून बघा.

माशांचं शून्य का आलं ते आधी, मग माशांच्या उत्तरातला आणखी एक सापळा. लहान मासे थोडेथोडे काढून फरक पडत नाही, उरलेले भराभर वाढतात. जैविक उपचारात प्लवकभक्षी मासे एक-दोन वर्षांत किमान ७५ टक्के काढावेत असा सर्वसाधारण ठोकताळा आहे, तोही याच उंबरठ्यामुळे. ग्रेडियंटवर चालणारा सॉल्व्हर शून्यापाशी उभा राहून बघतो: थोडं वाढवलं तर खर्चच वाढतो. तो तिथंच थांबतो. त्याला ०.८ पासून सुरू करून बघा, कदाचित वेगळं आणि जास्त चांगलं उत्तर सापडेल. गाळाचा परतावा घातल्यावर हे जास्तच लागेल: कारपेंटर, लुडविग आणि ब्रॉक यांच्या १९९९ च्या एका चलाच्या मॉडेलातसुद्धा (आवक − ऱ्हास + एस-आकाराचा परतावा) एकाच भाराला स्वच्छ आणि गढूळ अशा दोन स्थिर अवस्था येतात. दोन्ही बाजूंनी सुरुवात न करता मिळालेल्या ‘इष्टतम’ उत्तराला मी इष्टतम म्हणत नाही.

तो दुसरा सापळा उलटा आहे आणि जास्त फसवा. प्राणिप्लवकांच्या खाण्याला हॉलिंगचा दुसरा प्रकार (अन्न वाढलं की खाणं वाढतं, पण एका मर्यादेला थांबतं) लावला असेल आणि पोषण भरपूर असेल तर मॉडेल स्वतःहून हेलकावे खातं. मग ऑप्टिमायझर तलाव सुधारत नाही, हेलकाव्याची वेळ सरकवतो. एखादा छोटासा धक्का नेमक्या आठवड्यात देऊन शिखर क्षितिजाच्या बाहेर ढकलतो. नियंत्रणाचा आलेख एका आठवड्याच्या सुईसारखा आला तर हाच संशय घ्या. हॉलिंगचा तिसरा प्रकार (अन्न विरळ असताना खाणं फारच कमी) लावा किंवा प्राणिप्लवकांच्या मृत्यूत वर्गाचं पद घाला. आणि नीलहरित शैवाल खाण्याची पसंती १ ठेवू नका. तंतुमय आणि वसाहती करणाऱ्या जातींना ० ते ०.२ पुरे. १ ठेवली की मासे काढल्यावर पाणी जादूसारखं स्वच्छ होतं, फक्त संगणकात.

वर्षभराच्या बेरजेऐवजी शिखर कमी करायचं असेल तर एक नवं चल घ्या, ‘क्लोरोफिल दर बिंदूवर त्याहून कमी’ अशी अट लावा आणि तेच चल कमीत कमी करा. कमाल काढणारं फलन थेट उद्दिष्टात टाकू नका, तोही कोपराच आहे.

---

गाळमापक

सर्वांचे आभार. तळाचा ऑक्सिजन उन्हाळ्याच्या अखेरीस सलग दोन नमुन्यांत १ मिलिग्रॅम/लिटरच्या खाली आहे, आणि क्लोरोफिलचं शिखर त्यानंतरच्या नमुन्यात. म्हणजे गाळाचं आधी. वार्षिक सरासरी ५८ आहे, तेव्हा काठावरून यांचा हिशेब जवळपास तसाच लागू. पीएचबीबद्दल कुणी सांगेल का?

---

फेडबॅच

कोलोकेशनचा सांगाडा चालेल, तलावाची जीवशास्त्रीय समीकरणं मुळीच नकोत.

आकारमान हे चल म्हणून घालावं लागेल. फेड-बॅचमध्ये ते वाढत जातं आणि प्रत्येक सांद्रता आवक ÷ आकारमान या दरानं पातळ होते. वेळ तासांत ठेवा: जीवाणूंचा ताशी ०.५ दर म्हणजे दिवसाला १२, शैवालाच्या मानानं दहापट वेगवान, आणि दिवसांतल्या जाळीवर तो दिसणारच नाही. पीएचबीसाठी शुष्क वजनाचे दोन भाग करा, पीएचबी आणि उरलेली पेशी. वाढदर फक्त उरलेल्या पेशीला लावायचा. एकच जीवभार ठेवला तर साखर पेशी वाढवायला गेली की साठ्यात, हे मॉडेलला कळत नाही. कुप्रियाविडस नेकेटरसारख्या जीवाणूत पीएचबी शुष्क वजनाच्या ८० टक्क्यांपर्यंत जातं, म्हणून हा फरक किरकोळ नाही. नायट्रोजन कधी तोडायचा हा खरा निर्णय: लवकर तोडला तर पेशी कमी, उशिरा तोडला तर साठवायला वेळ कमी.

घाताकार फीडचं सूत्र आणि त्यातली नेहमीची गफलत एका उदाहरणानं दाखवतो. आवक = ठरवलेला वाढदर × सुरुवातीचा जीवभार × ई चा (वाढदर × वेळ) घात ÷ (उतारा × फीडमधली साखर); उतारा म्हणजे एक ग्रॅम साखरेमागे किती ग्रॅम पेशी. जीवभार १० ग्रॅम/लिटर, २ लिटर, म्हणजे २० ग्रॅम. दर ताशी ०.१५, उतारा ०.४५, फीड ५०० ग्रॅम/लिटर. सुरुवात ताशी १३.३ मिलिलिटरनं. १२ तासांनी ती ८० वर जाते आणि सूत्र सांगतं, जीवभार ४९ ग्रॅम/लिटर. छान!

आता ऑक्सिजन बघा. साखरेवर वाढताना एक ग्रॅम पेशीमागे साधारण एक ग्रॅम ऑक्सिजन लागतो. १२ व्या तासाला मागणी ०.१५ × ४९, ताशी लिटरमागे ७.४ ग्रॅम. फर्मेंटरचा केएलए (हवेतून द्रवात ऑक्सिजन जाण्याचा दरगुणांक) ताशी ६०० असला आणि संपृक्तता व प्रत्यक्ष पातळी यांत ५ मिलिग्रॅम/लिटरचा फरक मिळाला, तर पुरवठा ३ ग्रॅमच. जीवभार २० ग्रॅम/लिटर झाला की छत लागतं, म्हणजे पाचव्या तासाच्या आसपास. तिथून पुढं फीड ताशी २८ मिलिलिटरवर स्थिर ठेवावा लागतो आणि वाढदर आपोआप घटत जातो. ही अट प्रत्येक कोलोकेशन बिंदूवर घाला. नुसती शेवटच्या बिंदूवर घातली तर मधले तास कागदावरच जगतात.

साखर जास्त झाली की वाढ दबत असेल तर मोनोऐवजी हॉल्डेन-अँड्र्यूज सूत्र घ्या. त्यात वाढदर सर्वात जास्त असतो तो अर्धसंपृक्तता × रोधस्थिरांक यांच्या वर्गमुळापाशी; ०.५ आणि ५० ग्रॅम/लिटर असतील तर ५ वर. ऑप्टिमायझरचं उत्तर बघायची ही सोपी खूण आहे: नुसत्या वाढीच्या टप्प्यात साखर त्या पातळीला धरून सपाट चालली पाहिजे. ती वरखाली उड्या मारत असेल तर जाळी विरळ आहे, किंवा ऑक्सिजनची अट आधी आवळते आहे.

अर्धसंपृक्त यांनी तलावासाठी सांगितलेला कमाल दर-अर्धसंपृक्ततेचा गुंता इथं प्रयोगानं सोडवता येतो. कमाल दर बॅचच्या घाताकार टप्प्यातून घ्या. अर्धसंपृक्तता मात्र बॅचमधून काढू नका. जीवभार ५ ग्रॅम/लिटर, दर ताशी ०.४, उतारा ०.४५ असेल तर साखर ताशी लिटरमागे ४.४ ग्रॅम संपते, शेवटचे ०.१ ग्रॅम दोन-तीन मिनिटांत जातात. तेवढ्यात नमुना काढून, गाळून, थंड करेपर्यंत मोजायला काही उरत नाही. दोन-तीन डायल्यूशन रेटवर (आवक ÷ आकारमान) केमोस्टॅट (सतत आवक-जावक असलेली टाकी) चालवा, प्रत्येक वेळी पाच निवासकाल थांबा आणि उरलेली साखर मोजा. कमाल दराच्या फार जवळचा डायल्यूशन रेट घेऊ नका, पंपाच्या जराशा चढउतारानं पेशी वाहून जातात.

---

अर्धसंपृक्त

गाळमापक, गाळ आणि साठा दोन्ही एकदम घालू नका. दोन्ही शिखर वर नेतात, एकत्र घातले की कुणामुळे किती ते पुन्हा वेगळं करता येणार नाही. आधी फक्त गाळ: एक दर आणि ऑक्सिजनचा एक उंबरठा, दोनच पॅरामीटर. उंबरठा १ मिलिग्रॅमवर ठोका, दर शोधा. तो ५ ते २० मिलिग्रॅमच्या बाहेर गेला, किंवा एकूण फॉस्फरस जुळूनही क्लोरोफिल कमीच राहिलं, तर मग ड्रूप.

पहिल्या वर्षावर बसवा, दुसऱ्यावर तपासा. तळाचा ऑक्सिजन मात्र दोन्ही वर्षं बसवण्यातून बाहेर ठेवा. क्लोरोफिलवर बसवलेलं मॉडेल क्लोरोफिल दाखवतंच. त्यातून मेलेलं शैवाल तळाशी जाऊन ऑक्सिजन योग्य पंधरवड्यात १ च्या खाली आणतं का, ते बघायचं. गाळाचा दर त्याच ऑक्सिजनवर चालतो, म्हणून तो तीन आठवडे उशिरा पडला तर शिखरही तेवढंच घसरेल, आणि तेव्हा हात लावायचा तो बीओडीच्या विघटन दराला आणि थरांमधल्या मिसळण्याला, शैवालाच्या वाढदराला नाही.